कात्री हाती येईपर्यंत

ओशिवऱ्याच्या किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत, तालुक्याच्या गावी एसटी स्थानकाच्या आसपास अशी दुकाने हमखास सापडतात. पाटीवर कुठे ‘सोफा मेकर’ असते, कुठे ‘कुशन वर्क्स’, कुठे ‘सीट कव्हर व हूड’, तर कुठे जुन्या वळणाचे ‘गादी कारखाना’. आत काम करणारी माणसे बहुधा दोन किंवा तीन. सोफ्याची चौकट उलटी टाकून पट्टे ठोकणे, फोम कापणे, रेक्झिन शिवणे, रिक्षाचे हूड बदलणे, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीला नवे आवरण चढवणे ही सगळी त्यांचीच कामे. अपहोल्स्टरीच्या या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि शाळेत किंवा आयटीआयमध्ये त्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांसाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत. प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे. उमेदवारी किती महिन्यांची, किती पैशांची, तिला प्रमाणपत्र आहे की नाही, हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. उमेदवाराच्या हाती कधीतरी कात्री येते का, हा पहिला प्रश्न. माप घेणे, कापडाचा हिशोब मांडणे आणि कापणे ही तीन कामे ज्याला आली तो कारागीर झाला. ज्याला शिवता आणि ठोकता येते पण कापता येत नाही, तो कितीही वर्षे राबला तरी मदतनीसच राहतो. आणि आज आपल्याकडच्या बहुतेक उमेदवाऱ्या, दुकानातल्या काय किंवा कारखान्यातल्या काय, कात्रीच्या अलीकडेच संपतात.

हे पटायचे तर काम आतून कसे असते ते पाहायला हवे. बैठकीच्या तळाशी चौकट असते. जुन्या घरांत ती सागवानी असे, आता बहुतेक सोफ्यांत प्लायवूडची किंवा हलक्या लाकडाची. चौकटीवर ताण देऊन बसवलेले पट्टे किंवा नागमोडी पोलादी स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट किंवा जाड कापड, त्यावर भरण आणि सर्वांत वर आवरण. यातले भरण गेल्या शंभर वर्षांत सर्वांत जास्त बदलले. आपल्याकडे कापूस होता, सावरीचा कापूस होता, काथ्या होता. पिंजारी-नदाफ समाजाच्या कित्येक पिढ्या कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेल्या. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९३७ मध्ये जर्मनीत लावला, त्यापासून बनणारा मऊ फोम १९५० च्या दशकात बाजारात आला आणि हळूहळू जगभर भरणाचे काम पिंजण्याकडून कापण्याकडे सरकले. फोममुळे काम सोपे झाले असे वरवर दिसते. खरे तर निर्णय आधी घ्यावा लागू लागला. कापूस भरताना कुठे जास्त, कुठे कमी हे हाताला भरता भरता कळत असे आणि चुकले तर काढून पुन्हा भरता येई. फोम एकदा कापला की कापला. जोड दिला तर तो बसणाऱ्याला जाणवतो. शिवाय फोम ओळखणे ही वेगळीच विद्या आहे. बाजारात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे म्हणून फोम मागतात. हा आकडा एक घनमीटर फोमचे किलोतले वजन सांगतो, तो कडकपणाचा आकडा नव्हे. कमी वजनाचा फोमही कडक असू शकतो, दुकानात हाताने दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो उत्तम वाटतो आणि थोड्याच काळात तो खाली बसतो. तेव्हा गिऱ्हाईक फोमच्या कंपनीकडे जात नाही, सोफा करणाऱ्याच्या दारात येते.

आता कापडाचा हिशोब पाहा, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत सबळ पुरावा तोच आहे. सोफ्याचे कापड साधारणपणे ५४ इंच पन्ह्याचे येते. समजा, तिघांच्या सोफ्याला बसण्याच्या तीन सुट्या चौरस गाद्या आहेत, प्रत्येकी २४ इंचांच्या. वरचे आणि खालचे मिळून सहा तुकडे लागतील. शिलाईसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडला तर एकेक तुकडा २५ इंचांचा होतो. पन्ह्यात दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, तीन ओळी होतात, ७५ इंच कापड लागते, म्हणजे दोन मीटरच्या आत काम भागते. हीच गादी २७ इंचांची करा. तुकडा २८ इंचांचा झाला, दोन तुकड्यांना ५६ इंच हवेत आणि पन्हा ५४. एका ओळीत एकच तुकडा, सहा ओळी, १६८ इंच, सव्वाचार मीटरहून किंचित जास्त. मीटरला ६०० रुपये धरले तर केवळ तीन इंचांपायी सुमारे १४०० रुपयांचा फरक पडला. जाणता कारागीर हे माप घेतानाच ओळखतो. सोफा नवा असेल तर गादी दीड इंचाने लहान करायला सुचवतो आणि कापड निम्म्याहूनही खाली आणतो. चौकट जुनी, बदलता न येणारी असेल तर उरलेल्या २६ इंची पट्टीतून गाद्यांच्या कडा, हातांची आवरणे आणि पायपिंग बसवतो. त्यातही मखमल असेल तर तिची लव एकाच दिशेला बसते. जागा वाचवायला एखादा तुकडा आडवा कापला तर सोफ्यावर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. मोठ्या फुलाचे कापड असेल तर फूल गादीच्या मध्यावर यावे लागते, पट्ट्यांचे असेल तर पाठीवरची रेघ बैठकीवरच्या रेघेला मिळावी लागते. मशीन चालवणारा कितीही सफाईचा असला तरी या निर्णयांत त्याचा वाटा नसतो. दर सांगणे, नफा होणे, गिऱ्हाईक टिकणे हे सगळे इथे ठरते.

आणि नेमक्या याच कारणाने कात्री उमेदवाराला दिली जात नाही. दुकानदाराची भीती खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. शिलाई उसवून पुन्हा घालता येते, ठोकलेली पिन उपटता येते, चुकीचे कापलेले कापड मात्र गेले ते गेले. दुसरी भीती अशी की कापायला शिकलेला मुलगा वर्षभरात समोरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान मांडेल. या भीतीमागचे अर्थशास्त्र गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात मांडले आहे. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याच्या शिक्षणाचा खर्च एखादा मालक स्वतःहून उचलत नाही. शिकणाराच तो कमी वेतनाच्या रूपाने भरतो. आपल्या दुकानांना हे वर्णन निम्मेच लागू पडते. शिकणारा मुलगा कमी पैशांत राबतो, म्हणजे त्याच्या बाजूची किंमत तो रोज चुकती करतो. पण त्या किमतीच्या बदल्यात त्याला काय, कधी आणि किती शिकवायचे हे कुठेही ठरलेले नसते. तीन वर्षे झाडलोट, फोम चिकटवणे आणि पिना उपटणे यांत गेली तरी जाब विचारायला जागा नाही. लबाडीपेक्षा इथे कराराचा अभाव मोठा आहे. चांगला मालक भेटला तर मुलाचे भाग्य, नाही भेटला तर त्याची वर्षे गेली. इतक्या मोठ्या धंद्याची शिक्षणव्यवस्था भाग्यावर सोडणे मला मान्य नाही.

वर्षांचाच आग्रह कशाला, असा आक्षेप यावर येऊ शकतो आणि तो अडीचशे वर्षे जुना आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये तिच्यावर कडक टीका केली. त्यांच्या मते इतकी लांबण अनावश्यक होती आणि फळ दिसत नसल्याने ती मुलाला आळशी बनवी. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून त्याला केलेल्या कामाचे पैसे द्यावेत आणि अनभ्यासाने खराब केलेल्या मालाची किंमत त्याच्याकडून घ्यावी, म्हणजे तो लवकर आणि मन लावून शिकेल. या टीकेचा पूर्वार्ध मला मान्य आहे. वर्षांची संख्या ही शिक्षणाची हमी नव्हे; गोणपाट आणि पट्टे लावायला काही आठवडे पुरतात, सरळ शिलाई काही महिन्यांत बसते. उत्तरार्ध मात्र गरीब घरातल्या मुलाला लागू करता येत नाही. ज्याच्या हाती महिन्याला पाच-सहा हजार पडतात त्याच्याकडून बिघडलेल्या मखमलीचे पैसे घेतले तर तो कात्रीला हातच लावणार नाही. खराब होणाऱ्या मालाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न स्मिथ यांनी बरोबर हेरला; उत्तर वेगळे हवे. या धंद्यात ते उत्तर जवळजवळ फुकट मिळते. दुरुस्तीला आलेल्या सोफ्याचे जुने आवरण शिवण उसवून उलगडले की त्याचा प्रत्येक तुकडा हा तयार नमुना असतो. कुठे किती सैल सोडले होते, कोपऱ्याला काप कसा दिला होता, कोणती शिवण आधी फाटली, फोम कुठे बसला, पट्टा कुठे तुटला हे सगळे त्या तुकड्यांवर वाचता येते. ते मांजरपाटावर आखून कापले, शिवले आणि चौकटीवर चढवून पाहिले तर महागडे कापड न बिघडवता सराव होतो. म्हणून नव्या उमेदवाराला माझा सल्ला असा, की चकचकीत नवा माल करणाऱ्या जागेपेक्षा जिथे जुनी कामे खूप येतात ती जागा आधी निवडा. नवे सोफे एकाच साच्याचे शंभर होतात. दुरुस्तीला येणारी प्रत्येक वस्तू वेगळी बिघडलेली असते.

उमेदवारीची घडी मोडली तर काय होते, याचा अलीकडचा दाखला जर्मनीत आहे. तिथे हे काम ‘राउमआउस्टाटर’ या व्यवसायात येते. खुर्च्या-सोफ्यांबरोबर पडदे, जमिनीवरचे आच्छादन, भिंतींची सजावट हेही त्यातच. उमेदवारी तीन वर्षांची, दुकानातले काम आणि व्यवसायशाळा अशी जोडीने चालते. स्वतःचा धंदा काढायला ‘माइस्टर’ ही वरची परीक्षा लागे. २००४ मध्ये ५३ हस्तव्यवसायांतून ही अट काढली गेली, त्यांत हाही होता. धंद्यात शिरणे सोपे झाले, एकेकट्याने चालवलेले व्यवसाय वाढले. पण एकटा माणूस उमेदवार घेत नाही. कामाचा दर्जा आणि प्रशिक्षण या दोन्हींची काळजी पुढे करून २०२० मध्ये बारा व्यवसायांना ती अट पुन्हा लावली गेली आणि राउमआउस्टाटर त्या बारांत आहे. आपण असाच परवाना आणावा असे मी म्हणणार नाही. जिथे धंदे पिढ्यान्‌पिढ्या जातीजमातींशी बांधलेले आहेत तिथे परवान्याची अट म्हणजे बाहेरच्या मुलासाठी आणखी एक बंद दार ठरेल. दाखल्यातून घ्यायचे ते इतकेच, की शिकवण्याची जबाबदारी कोणावरच नसली की शिकवणे आपोआप होत नाही, चांगल्या कारागिरांच्या देशातही होत नाही.

आपल्याकडे ही जबाबदारी कायद्याने कुणावर टाकली आहे? भारतातला उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी बांधून देता यावे, हा त्याचा मुख्य हेतू. उमेदवारी म्हणजे ज्याला दुसरा आधार नाही त्याची वाट, ही समजूत त्या कायद्याने निर्माण केली नसेल, पण कागदावर आणली खरी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा स्वतंत्र भारताचे कारखाने समोर ठेवून लिहिला गेला. २०१४ च्या दुरुस्तीने आस्थापनांना स्वतःचे अभ्यासक्रम आखण्याची मुभा मिळाली. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक झाले, ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक राहिले आणि विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार महिना ५००० ते ९००० रुपये ठरली. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, जी २०१६ पासून आहे, सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १५०० रुपये, वाटा उचलते. यातली मेख ‘चार’ या आकड्यात आहे. चारांहून कमी माणसांच्या दुकानाला या कायद्याखाली उमेदवार घेताच येत नाही आणि सोफ्याच्या दुकानात माणसे असतात दोन किंवा तीन. ज्याच्याकडे संपूर्ण काम शिकवण्याची क्षमता आहे तो कायद्याच्या बाहेर राहिला. हीच गोष्ट मदतीच्या योजनांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, शिंपी आहे, काथ्या विणणारा आहे. या तिघांचेही थोडेथोडे काम करणारा अपहोल्स्टरीचा कारागीर नाही. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाचे कर्ज कंप्रेसर व टॅकर गन घेऊ पाहणाऱ्या मुलाला किती उपयोगी पडले असते! आणि राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात मात्र याच कामाला ७५३४ हा स्वतंत्र क्रमांक आहे. व्यवसाय म्हणून त्याची ओळख सरकारदरबारी झालेली आहे, ती ओळख मदतीच्या यादीपर्यंत पोचलेली नाही.

मग शिकून पुढे काय? इथे वाटा लोकांना वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. दुरुस्तीचे स्वतःचे दुकान ही सर्वांत जुनी वाट. इंटिरियर डिझायनर आणि ठेकेदार यांच्याबरोबर जागेवर जाऊन काम करणे ही दुसरी. पलंगाचे हेडबोर्ड, भिंतीवरचे गादीदार पॅनेल, उपाहारगृहांचे बाक ही कामे शहरांत भरपूर आहेत आणि तिथे नकाशा वाचता येणाऱ्याला मान आहे. रुग्णालये, नाट्यगृहे, चित्रपटगृहे, व्यायामशाळा यांच्या आसनांची नियमित देखभाल ही ठेक्याची वाट. तिला कोटेशन आणि जीएसटीचा कागद नीट करता यावा लागतो. रेल्वेच्या डब्यांतली आसने आणि बर्थही कोणीतरी शिवते: मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातींत फिटर-वेल्डरांच्या रांगेत ‘टेलर (जनरल)’ हा व्यवसाय दिसतो, पण सल्ला देणारे शिक्षक त्याकडे क्वचितच बोट दाखवतात. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बसबांधणी होत आली आहे आणि बस म्हटली की आसने आलीच. पुणे परिसरात मोटारींची आसने बनवणारे मोठे कारखाने आहेत. तिथे पगार ठरलेला, भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचे संरक्षण असलेला, पण कापणी संगणकावर चालणाऱ्या यंत्रात होते आणि शिवणारा माणूस एका आवरणाची तीच तीच शिवण पाळीभर घालतो. या नोकरीला मी कमी लेखत नाही. घर चालवणाऱ्याला तिची शाश्वती लाखमोलाची असते. फक्त तिथे शिरणाऱ्याने नमुने तयार करणाऱ्या विभागाकडे डोळा ठेवावा, कारण यंत्राला आकार सांगणारा माणूस त्याच विभागात बसतो. बाहेरच्या सीट कव्हरच्या धंद्यातही जुनी सवय आता पुरत नाही. ज्या मोटारींत आसनाच्या कुशीत एअरबॅग असते, तिथे त्या बाजूची शिवण अपघाताच्या क्षणी उसवेल अशी घालावी लागते. घट्ट, दुहेरी शिवण घालणारा कारागीर नकळत जीव धोक्यात घालतो. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या वेताने विणलेल्या बैठकींच्या खुर्च्या अजून घराघरांत आहेत आणि त्या पूर्वीसारख्याच दुरुस्त करून देणाऱ्याला काम आहे. वेतविणीचे शिक्षण आपल्या देशात अंध व्यक्तींना वर्षानुवर्षे दिले गेले आहे. वेत विणताना नजरेहून बोटांचा अंदाज मोठा, हे त्यावरून कळते, आणि ज्या संस्थांनी ते शिकवले त्यांनी क्रमवार धडे आखून शिकवले. हाताची विद्या धड्यांत बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी तिकडे पाहावे.

तयार फर्निचर इतके स्वस्त झाले आहे की दुरुस्ती मरणारच, हा सर्वांत नेहमीचा आक्षेप. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचे प्रचंड दालन डिसेंबर २०२० मध्ये उघडले, घरबसल्या मागवलेला सोफा आता तालुक्यापर्यंत पोचतो, आणि काही आवरणे तर गिऱ्हाईक स्वतःच काढून धुऊ शकते. या बदलाने धंद्याचा एक भाग जाईल यात शंका नाही: साधे, स्वस्त, नवे सोफे गाळ्यात बनवून विकणारा कारखान्याच्या किमतीशी टिकणार नाही. पण आवरण आणि फोम नेहमीच चौकटीच्या आधी झिजतात, मग चौकट कुठूनही आलेली असो. सागवानी चौकट टाकून देऊन प्लायवूडची घेणे हा तोट्याचा सौदा आहे हे लोकांना कळते. नाट्यगृहाची आठशे आसने कोणी ऑनलाइन मागवून बदलत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद जिन्यातून सोफा खाली आणण्यापेक्षा जागेवर नवे कापड चढवणे परवडते. म्हणजे उरते ते काम असे, की ज्यात दर वेळी नवे माप आणि नवा काप लागतो. यंत्राला एकसारखे हजार तुकडे द्यायला आवडतात. एकच तुकडा, तोही वाकलेल्या जुन्या चौकटीसाठी, कापायला माणूसच लागतो. तेव्हा हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो. कापता न येणाऱ्याची जागा खरोखरच जाणार आहे.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. हे काम आपल्या मुलांचे नव्हे, त्यात धूळ आहे, मान नाही, ते परप्रांतातून आलेले लोक करतात. यातल्या धुळीच्या गोष्टीला सरळ उत्तर द्यायला हवे. फोमची भुकटी, चिकटवणीच्या द्रव्याचा वास, दिवसभर वाकून काम करणे हे फुप्फुसांना आणि कमरेला त्रासाचे आहे; खेळती हवा, मास्क आणि उंच टेबल यांवर दुकानदाराने खर्च करायला हवा, आणि पॉलियुरेथेन फोम पेट घेतो तेव्हा विषारी धूर सोडतो म्हणून त्याच्या ढिगाशेजारी वेल्डिंग किंवा विडी चालता कामा नये. ब्रिटनमध्ये १९७९ च्या मँचेस्टरच्या दुकानातल्या आगीत दहा जण गेले आणि १९८८ मध्ये आवरणे-भरणांच्या अग्निसुरक्षेचे कडक नियम आले. आपल्याकडच्या उमेदवाराला हे दुर्घटनेआधी शिकवता येईल. मानाच्या गोष्टीला मात्र मी झुकते माप देणार नाही. उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर इथे वर्षानुवर्षे टिकतो तो त्याला काम येते म्हणून, आणि ते शिकवायला तो नकारही देत नाही. इथला मुलगा त्याच्या हाताखाली बसायला तयार नसतो हे जास्त खरे. मुलींबाबत तर आपण डोळ्यांदेखत संधी घालवतो. बचत गटांतून आणि शिवणवर्गांतून हजारो जणींना मशीन येते, त्यांना गादीच्या खोळी नगावर शिवायला दिल्या जातात, पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेणे आणि कापड कापणे हे पुरुषांचे काम समजले जाते. नगाचा दर ठरवण्याचा अधिकार मग कापणाऱ्याकडेच राहतो. आयटीआयमधला सुइंग टेक्नॉलॉजीचा किंवा वुडवर्क टेक्निशियनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या मुलीजवळ या धंद्याचा अर्धा भाग आधीच असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी तिला दुकानाचे दार उघडावे लागेल आणि ते शिक्षकांनी तिच्यासोबत जाऊन उघडावे.

करायचे काय, याचे बीज कायद्यातच आहे. १९६१ च्या कायद्याच्या आठव्या कलमात अनेक मालकांनी एकत्र येऊन, उमेदवाराला एकमेकांच्या आस्थापनांत फिरवून प्रत्यक्ष शिक्षण देण्याची तरतूद आहे. या धंद्याला ती चपखल बसते, कारण एका दुकानात सगळे काम सहसा येत नाही. एका बाजारातल्या दुरुस्तीच्या, नव्या सोफ्यांच्या आणि सीट कव्हरच्या पाच-सहा दुकानांनी मिळून दोन उमेदवार घेतले, त्यांची माणसे एकत्र मोजण्याची परवानगी नियमात मिळाली, तर चाराची अट आड येणार नाही. समोरच्या गाळ्यातल्या स्पर्धेची भीतीही कमी होईल, कारण शिकवण्याचा खर्च आणि फायदा दोन्ही वाटले जातील. कारागिरांच्या संघटनांनी पीएम विश्वकर्मा योजनेच्या यादीत या व्यवसायाची मागणी लावून धरावी आणि जुन्या कारागिरांना पूर्वज्ञानाच्या मान्यतेचे प्रमाणपत्र मिळवून द्यावे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातीही कागद येईल. हे होईपर्यंत उमेदवाराने दुकानात पाय ठेवण्यापूर्वी मालकाला चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे वहीत लिहून त्याची सही घ्यावी: आठवड्यात दुरुस्तीची कामे किती येतात, मांजरपाटावर काप घ्यायला कोणत्या महिन्यापासून मिळेल, माप घ्यायला गिऱ्हाइकाकडे कधी नेणार, आणि पहिल्या वर्षी बिघडलेला माल कोणाच्या खात्यावर. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणारे दुकान असेल तर यातले काहीही विचारायची गरज नाही, तिथून परत फिरावे. पुढच्या प्रकरणांचा क्रमही याच विचाराने लावला आहे. पहिली चार प्रकरणे माप, आखणी, कापडाचा हिशोब आणि उसवण्याची आहेत. शिलाई आणि ठोकणी पाचव्यापासून सुरू होतात, आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी दिलेले काम आधी जुन्या आवरणावर, मग मांजरपाटावर, त्यानंतरच खऱ्या कापडावर करायचे आहे.